उतारावरचा पलंग

अकरा वर्षं झाली,
आमचा पलंग उतारावर आहे.
उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा,
कामठी रोडच्या भट्टीवरून आणलेल्या.
रात्री आम्ल वर चढू नये म्हणून.
चढायचं ते चढतंच.
आम्ही दोघं मात्र पहाटेपर्यंत
चादरीसकट पायथ्याशी गोळा होतो.
पुष्पलताची अन्ननलिका ठणठणीत आहे.
तीही अकरा वर्षं घसरतेय.

सकाळी सहाला गोळी, उपाशीपोटी.
एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं
तेव्हा पँटच्या कापडावर खडूनं हिशेब मांडला:
चार हजार पंधरा.
मग झटकून टाकला.

धंतोलीत डॉक्टर मुंधडांनी
पॅडच्या पाठीमागं चित्र काढलं.
जठराचा वरचा काठ असा मागून घ्यायचा,
नळीभोवती गुंडाळायचा,
टाके घालायचे.
मी पाहिलं. ही तर चुणी.
सैल पडलेल्या कापडाला घालतात तशी.
महालात एकतीस वर्षं
मी दुसरं काय करतोय?
"उसवता येते?" विचारलं.
"येते," म्हणाले, "पण कापड मग पहिल्यासारखं राहत नाही."
हे मला सांगायची गरज नव्हती.

"आणि एक. ढेकर सहज येणार नाही.
उलटीही नाही."

आमचे बाबा सावजी मटणावर असा ढेकर द्यायचे
की आतल्या खोलीतून यजमान म्हणायचा,
चला, पोचलं.
आमच्याकडं जेवणाची पावती तशीच फाटते.
पावती न देता
मी किती घरांतून उठून येणार?
पण मला वाढतं तरी कोण आता?
भाच्याच्या लग्नात माझी वाटी वेगळी होती,
फिकी, रश्श्याचा तवंग काढून टाकलेली,
वाढणाऱ्या पोरानं ती पेशंटला द्यावी तशी दिली.
आणि संत्र्याच्या मोसमात
पुष्पलता मोरीकडं तोंड करून फोड खाते.
सालीचा वास काही तिकडं तोंड करत नाही.

त्याआधी तपासणी झाली होती.
नाकातून नळी, कमरेला यंत्र, चोवीस तास.
जळजळलं की बटन दाबा.
मी सोळा वेळा दाबलं.
"पंधरा वेळा आम्ल दिसतं," डॉक्टर म्हणाले,
"हे सात-दहाचं काय?"
सात-दहाला पुण्याहून पोराचा फोन होता.
बाबा, दुकान विकून टाका ना.
"चुकून दाबलं गेलं असेल," मी म्हणालो.

गोळीचं एक बरं असतं.
ती उद्या थांबवता येते.
मी एकदाही थांबवली नाही,
पण थांबवता येते
एवढ्यावर माणूस अकरा वर्षं काढतो.
गिऱ्हाइकाला मी सांगतो,
आधी कच्चे टाके घालू, घालून बघा,
आरशात वळून बघा, मग पक्के.
पोटाला कच्चे टाके नसतात.

काल रात्री मी विटा काढल्या.
का, ते विचारू नका.
सपाट पलंगावर आम्ही दोघं
पाहुण्यांसारखे पडून राहिलो.
पंखा जागेवर नव्हता.
कूलरचं पाणी नको तेवढं ऐकू येत होतं.
"सपाट झालं तं झोपच नाही लागून रायली मले,"
अंधारात ती म्हणाली.

दोनला आंबट पाणी घशाशी आलं.
खोकत उठून बसलो तर दिवा लागलेला,
ती खाली बसलेली, हातात वीट.
"उचला तिकडून."
मी उचललं.
तिनं एक सरकवली, मग दुसरी.
"आता तारीख घेऊन घ्या," म्हणाली,
"मी काही दरवेळी उठणार नाही."
दुसऱ्या पायाला मी वाकलो.

सहाला गोळी तळहातावर घेतली
तेव्हा बोटांना विटेची लाल पूड होती.
तशीच गिळली.
त्यांच्याकडं फोन नऊनंतर लागतो.
दुकान आज
थोडं उशिरा उघडीन.